सत्तावीस सह्या

एल्डन प्रोकोपने एकतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात खड्डे खणले. दुसऱ्या दिवशी बुजवायचा असला तरी खड्ड्याच्या कडा सरळ ठेवायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "वाकडा खणायलाही तेवढाच घाम लागतो."

शहराच्या दक्षिण भागात जमिनीखाली अजून शिशाचे पाइप होते, पाण्यात विष उतरवणारे. मेयर तीनदा निवडून आला आणि तिन्ही वेळा ते बदलायचे राहिले. म्हणून रूथन टिब्स मेयरला उभी राहतेय म्हटल्यावर निवृत्त एल्डनने कोट चढवला. रूथन त्याच खात्यात फोनवर बसायची. पाइप कुठे फुटला हे वीस वर्षं त्याला तिच्याच तोंडून कळत आलं होतं.

उभं राहायला सहाशे मतदारांच्या सह्या लागत. त्यात एक नियम कडक होता. कागद फिरवणाऱ्याने प्रत्येक सही डोळ्यांदेखत घ्यायची आणि खाली तसं शपथेवर लिहून द्यायचं.

नोव्हेंबरच्या वाऱ्यात एल्डन दारोदार हिंडला.

"कुठल्या पक्षाची ही?" एका म्हातारीने दार अर्धंच उघडून विचारलं.

"आपल्याकडे मेयरला पक्ष नसतो, बाई. माणूस बघून मत द्यायचं."

"माणूस बघत बसायला वेळ कुणाला आहे? पक्ष असता तर सोपं पडलं असतं." तरी तिने सही केली. वारा आत येत होता.

त्याने एकट्याने तीनशे एक्केचाळीस सह्या आणल्या. रूथनसाठी फिरणाऱ्या बाकी तिघांनी मिळून दोनशे अठ्ठ्याहत्तर. "तुम्ही चालता की फोटो काढत उभे राहता?" तो त्यांना म्हणाला.

या तीनशे एक्केचाळीसमध्ये एक कागद वेगळा होता. शेवटच्या आठवड्यात त्याचा गुडघा सुजला, तेव्हा तो बोलिंग क्लबात टेकला होता. गल्ल्यामागचा हर्ब म्हणाला, "कागद ठेव इथे. गुरुवारी खेळायला सगळे येतात. दक्षिणेकडचेच आहेत."

"मला समोर असायला लागतं."

"कोण बघतंय? घरी जा, पाय वर करून पड."

एल्डनने कागद ठेवला. शुक्रवारी उचलला तेव्हा त्यावर सत्तावीस सह्या होत्या. सगळ्या खऱ्या, सगळी माणसं ओळखीची. खालच्या शपथेवर त्याने स्वतःची सही ठोकली.

डिसेंबरात मेयरच्या वकिलाने त्या कागदावर हरकत घेतली. वकिलाच्या माणसाने खेळणाऱ्यांपैकी एकाला घरी जाऊन विचारलं होतं, आणि त्या खेळणाऱ्याने सहज सांगितलं होतं की कागद नुसता गल्ल्यावर पडला होता.

सुनावणीआधी रूथनने एल्डनला बाहेरच गाठलं. "तू होतास ना तिथे?"

"नव्हतो."

"हर्ब म्हणेल, होतास."

"हर्ब म्हणेल."

"मग?"

"मी नव्हतो, रूथन."

आत वकिलाने विचारलं, "या सत्तावीसपैकी किती सह्या तुमच्यासमोर झाल्या?"

"एकही नाही."

सहाशे एकोणीसमधून सत्तावीस गेल्या, पाचशे ब्याण्णव उरल्या. रूथनचं नाव यादीतून गेलं. सगळं अकरा मिनिटांत झालं. वकिलाने जाताना एल्डनचा हात हातात घेतला. "प्रामाणिक माणूस भेटला की काम लवकर उरकतं."

रूथन पायऱ्यांवर उभी होती. "खोटं लिहून देताना हात जड झाला नाही तुझा. खरं बोलायची हौस बरी आजच आली."

ती बोलली त्यात चूक काही नव्हती. त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्यानेही केला नाही.

एप्रिलमध्ये तो मत द्यायला गेला. मेयरच्या रकान्यात एकच नाव होतं. त्याने शाळा समिती, वाचनालय समिती, बाकी सगळे रकाने भरले आणि कागद यंत्रात सरकवला. यंत्राने शिटी दिली.

"मेयरचा रकाना कोरा राहिलाय तुमचा," टेबलामागची बाई म्हणाली. "परत घेऊन भरणार का?"

"नको."

"मग तसाच टाकायला ते हिरवं बटण दाबा."

त्याने दाबलं. यंत्राने त्याचा कागद ओढून घेतला, बाकीच्यांचा घेत होतं तसाच. मागचा माणूस म्हणाला, "झालं असेल तर सरका जरा."

एल्डन सरकला.