सत्तर डिग्रीचा घोळ

उमरग्यात लहान मुलांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. इथं किस्से गोळा करावे लागत नाहीत, केसपेपरबरोबर आपोआप येतात! त्यातले निम्मे तर एकट्या मल्लिनाथ अण्णांचे.

अण्णांचं किराणा दुकान. लेक आठव्या महिन्यातच झाली, वजन जेमतेम. आईला दूध येईना, म्हणून डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली. एवढ्याशा जिवाला साधं इन्फेक्शनही झेपलं नसतं.

*

पहिल्या दिवशी अण्णांनी दवाखान्यात आमच्यासमोरच पाणी उकळलं, पार गार केलं आणि मग पावडर घातली.

"अहो, पावडर बनतानाच तिच्यात जंतू शिरू शकतात. पाणी सत्तर डिग्रीच्या वर असतानाच घाला," डॉक्टर म्हणाले.

"सीलबंद डब्यात जंतू? मग सील कशापायी?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. मलाही तोच प्रश्न पडला होता.

*

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. तापाचा डिजिटल थर्मामीटर पातेल्यात बुडवला होता!

"सिस्टर, आकडाच येत न्हाय, नुसतं एच दाखवतंय. पाण्याला लई ताप हाय!"

शेवटी डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. पाणी उकळायचं, गॅस बंद, अर्ध्या तासाच्या आत पावडर घालायची. मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची.

*

तिसऱ्या दिवशी अण्णांची आई, नीलव्वा आज्जी, डबाच घेऊन आल्या. झाकण उघडलं तर आत तांबूस गोळे आणि खमंग वास.

"तव्यावर भाजली! रवा भाजून ठिवला की आळी होत न्हाय. जंतू काय आळीपेक्षा मोठा हाय व्हय?"

"आज्जी, कोरड्यात हे जंतू लई चिवट. भाजून मरत नाहीत, गरम पाण्यात मरतात," मी म्हटलं.

"मंग आमी इतकी वर्सं रवा भाजला त्यो चुकलाच का?"

डॉक्टरांनी नवा डबा लिहून दिला. रव्याचा निकाल अजून लागलेला नाही.

*

दूध यावं म्हणून लेकीला रोज आईच्या छातीशी धरायचं, हे डॉक्टरांचं सांगणं मात्र घरच्यांनी चुकवलं नाही. आणि एक दिवस दूध उतरलं! दवाखान्यात पडद्यामागं लेक चुटूचुटू पीत होती. मला रडूच आलं.

"अण्णा, आता डब्याची गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

अण्णांनी डोळे पुसले. खिशातून पेन आणि चिठ्ठी काढली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"सर, मग हे आईचं दूध किती वेळ उकळायचं?"