कुंपणापलीकडचे फुटवे

कॅनडातल्या सस्काटूनच्या आमच्या घराच्या बॅकयार्डमध्ये, कुंपणाच्या अगदी कडेला, माझ्या नवऱ्याने आंबट चेरीचं रोप लावलं तेव्हा मी हसले होते. गुडघ्याएवढी काडी ती. जिथे हिवाळ्यात गाडीचं इंजिनसुद्धा प्लग लावून गरम ठेवावं लागतं तिथे ही काय तग धरणार?

"हिला थंडीसाठीच तयार केलंय," हे म्हणाले. "आपल्यापेक्षा जास्त टिकेल."

पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी झालेली. रिटायर झाल्यावर ह्यांना जमिनीच्या वरचं काहीतरी करायचं होतं. सुरुवातीचे हिवाळे खोडाभोवती बारीक जाळी बांधली, कारण बर्फाखालून उंदीर येतात आणि वरून ससे, आणि दोघेही साल सोलून खातात. मार्चमध्ये, अंगणात घोटाभर बर्फ असतानाच, कात्री घेऊन बाहेर जायचे आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या छाटून यायचे. मध्ये ऊन शिरलं पाहिजे म्हणायचे. चौथ्या वर्षी मेच्या अखेरीस ते झुडूप असं पांढरं झालं, की मला वाटलं पुन्हा बर्फ पडलं. त्याच उन्हाळ्यात फळं धरली. लाल झाली तरी हे हात लावू द्यायचे नाहीत. पार काळपट होईपर्यंत थांबायचं, मग तोडायची. हे तिखट-मीठ लावून खायचे. मी लोणचं घालायचे, गूळ आणि मोहरी घालून. केसाच्या पिनेने बिया काढताना बोटं जांभळी व्हायची आणि तो रंग आठवडाभर जायचा नाही.

कुंपणापलीकडे ह्यांचा मित्र राहायचा. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. ह्यांच्याच खाणीत होते. दोघे थोड्या अंतराने कॅनडात आले, एकाच खटारा गाडीवर बर्फात ड्रायव्हिंग शिकले, आणि पुढे शेजारी शेजारी घरंही त्यांनी ठरवून घेतली. इथल्या मराठी मंडळाचा पहिला गणपती त्यांच्या बेसमेंटमध्ये बसला होता. माणूस करणारा, पण सगळं आपल्या पद्धतीने करणारा. त्यांचं लॉन बघायला लोक थांबायचे. कडा कात्रीने कापलेल्या, डॅन्डेलायनचं एक पिवळं रानफूल दिसेल तर शपथ. चेरी त्यांच्या डोळ्यांत सलायची. रॉबिन पक्षी फळं खाऊन त्यांच्या मागच्या लाकडी डेकवर जांभळे डाग पाडायचे आणि खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या यायच्या.

"अरे, तोड ते झाड," ते कुंपणावरून म्हणायचे.

"तुझ्या डेकला जरा रंग आला की!" हे म्हणायचे, आणि दोघे हसायचे. निदान मला तरी ते हसणं वाटायचं.

२०१५ च्या हिवाळ्यात हे गेले. ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून आत आले, बूट काढायला बसले आणि उठलेच नाहीत. पुढचे पंधरा दिवस भाऊजींनी सगळं पाहिलं. फ्युनरल होमशी बोलणं, मुलीला विमानतळावरून आणणं, आमचा ड्राइव्हवे साफ करणं. ते मी विसरलेले नाही. त्यामुळेच पुढचं फार लागलं.

मेच्या मध्यावर मी अस्थी घेऊन नाशिकला गेले. घराची किल्ली भाऊजींकडे दिली. आतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, पोस्ट उचलायचं, एवढंच काम. जूनच्या शेवटी परत आले, बॅगा दारात ठेवल्या आणि आधी मागचं दार उघडलं. झाड नव्हतं.

तिथे ताजी माती पसरली होती आणि तिच्यावर कोवळं गवत उगवलं होतं. मी हाताने माती बाजूला केली. खाली जमिनीला लागून कापलेली खोडं होती, सगळी एका पातळीत. तेवढ्यात भाऊजी कुंपणाशी आले.

"वहिनी, आलात? प्रवास बरा झाला ना?"

"झाड कुठंय?"

"ते काढून घेतलं मी. माणूस बोलावून चेनसॉने. तुम्हाला आता एकटीला झेपलं नसतं हो. छाटणी, फळं, त्या माश्या... म्हटलं, तुम्ही नाहीत तोवर मोकळं करून टाकू. बघा, बी पण पेरलंय. चांगल्यातलं."

ते खरोखर आभाराची वाट बघत उभे होते. मी म्हटलं, "किल्ली द्या माझी." त्यांना वाटलं मी दमलेय.

त्यांची बायको संध्याकाळी डबा घेऊन आली. साधी बाई. ती रडली. "ताई, ऐन फुलात होतं हो. मी म्हटलं त्यांना, निदान ताई येईपर्यंत थांबा. कितीतरी दिवस पाकळ्या आमच्या लॉनवर उडत होत्या." तिला वाटलं हे ऐकून माझं दुःख हलकं होईल.

मी मुलीला फोन केला, ती ऑन्टॅरिओत किचनर शहरात असते. "आई, ही वॉज ट्राइंग टू हेल्प," ती म्हणाली. आणि मग, "इट्स अ ट्री, आई. लेट इट गो." ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या कामात काही बिघडलं तर आधीचं परत आणता येतं. मी फोन ठेवला आणि ठरवलं की सोडणार नाही. काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं. पोलिसांत जायचं? ज्या माणसाने माझ्या नवऱ्याला खांदा दिला त्याच्यावर?

जुलैत झाडानेच सुचवलं. माझ्या बाजूला, त्या चांगल्यातल्या गवतातून, चार-पाच तकतकीत पानांचे फुटवे वर आले. दोन दिवसांनी पाहिलं तर कुंपणापलीकडे, भाऊजींच्या लॉनमध्येही एक. त्यांनी त्यावरून गवत कापायचा मोवर फिरवला. पुन्हा आला.

तेव्हा मला ह्यांचं बोलणं आठवलं. मी एकदा चेरीखाली कोथिंबीर लावायला खुरपं घेऊन बसले होते, तर हे ओरडले होते, "मुळांना लावू नकोस ते! मूळ दुखावलं की तिथूनच नवीन फुटतं. सगळ्या अंगणात होईल."

सप्टेंबरमध्ये मी ह्यांचं सरळ पात्याचं फावडं गॅरेजमधून काढलं. कुंपणाला धरून, माझ्या हद्दीच्या आत राहून, हात-हात अंतरावर जमिनीत मारत गेले. पायाने दाब दिला की खाली काहीतरी तुटल्याचं कळायचं. आवाज यायचा नाही, पण टाचेला कळायचं. नवरा गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. वरून कंपोस्टची पोती ओतली. पुढच्या उन्हाळ्यात स्प्रिंकलर बरोबर कुंपणाशी लावून ठेवायचे. भाऊजी बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, पाणी फार घालताय." मी म्हणायचे, "गवत नाजूक आहे ना, तुम्ही पेरलेलं."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या लॉनला चेरीने गाठलं. आधी कुंपणाशी ओळीने, मग डेकच्या पायरीशी, मग पार मधोमध. मोवरने कापलं की खुंट राहायचे, टोकदार. अनवाणी चालायची सोय राहिली नाही. भाऊजी गुडघ्यावर बसून एकेक उपटायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभी राहायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला पट्टा बांधलेला, गवतात वाकलाय, हे बघून मला दया यायला हवी होती. मी दुसरा कप करून घ्यायचे.

मग त्यांनी झाड मारायचं औषध आणलं. कापलेल्या खुंटांवर ब्रशने लावायचं, म्हणजे मुळापर्यंत जातं. मी धावत बाहेर गेले.

"ते लावायचं नाही!"

"वहिनी, माझ्या जागेत लावतोय मी."

"मूळ एकच आहे. तिकडे लावलंत की इकडे माझं जळेल. माझ्या बाजूचं एक पान जरी पिवळं झालं ना भाऊजी, तर येत्या गणपतीत माईक घेऊन सांगेन, की मी नवऱ्याच्या अस्थी घेऊन गेले होते तेव्हा तुम्ही माझ्या घराची किल्ली हातात असताना काय केलंत."

त्यांचा ब्रश हातातच राहिला. चेहरा एकदम उतरला. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदाच त्यांना कळलं, की हे सगळं मुद्दाम चाललंय.

"तुम्ही... हे तुम्ही करताय?"

"मी माझ्या झाडाची काळजी घेतेय," मी म्हटलं.

आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या बाजूला मी सगळ्यांत जोमदार फुटवे राखले होते. हिवाळ्यात जाळी बांधायचे, मार्चमध्ये कात्री घेऊन जायचे. पहिल्या वर्षी कुठे कापायचं ते कळेना, म्हणून डोळे मिटून ह्यांचे हात आठवले आणि तसं केलं.

भाऊजींनी औषध टाकून दिलं आणि चर खणला. कुंपणाच्या कडेने खोल चर खणून त्यात पत्रा बसवला, म्हणजे माझ्याकडची मुळं तिकडे येणार नाहीत. पण तिकडे गेलेली मुळं तिकडेच होती, आणि खणताना त्यांनी ती स्वतःच्या हाताने ठिकठिकाणी तोडली. पुढच्या जूनमध्ये त्यांच्याकडे जे उगवलं ते माझ्या फावड्याने दहा वर्षांत झालं नसतं.

त्यांची बायको मला ग्रोसरीत भेटली. "ताई, ह्यांना झोप लागत नाही हो. सारखे खिडकीशी उभे असतात."

"मलाही लागत नाही," मी म्हटलं. तिने माझ्या ट्रॉलीवर हात ठेवला आणि गेली. तिच्याशी मी असं बोलायला नको होतं. त्यांच्याशी बोलले त्याचं मात्र काही वाटत नाही.

२०१८ च्या वसंतात त्यांच्या घरासमोर फॉर सेलचा बोर्ड लागला. कंबर, जिने, बर्फ, अशी कारणं मंडळात सांगितली गेली, खरीही असतील. शहरातच एका बिल्डिंगमध्ये कॉन्डो घेतला होता. सामान जायच्या आदल्या दिवशी भाऊजी माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. शूज घालूनच मॅटवर उभे राहिले.

"वहिनी, चाळीस वर्षं झाली आपल्याला. तो असता तर त्याने माझ्याशी असं केलं नसतं."

मी म्हटलं, "ते असते तर तुम्ही झाडाला हात लावला नसता."

त्यांनी मॅटवर शूज पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं, आता म्हणतील. चुकलं, एवढा एक शब्द. मी खरंच थांबले होते. तो शब्द आला असता तर मी काय केलं असतं हे मला अजूनही सांगता येत नाही. पण ते म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं होतं," आणि पायऱ्या उतरून गेले.

घरात एक तरुण फिलिपिनो जोडपं आलं. पहिल्याच आठवड्यात ती मुलगी कुंपणाशी येऊन विचारू लागली, अंगणभर हे काय उगवलंय, काढून टाकायचं का. मी तिला सांगितलं, थांब, याला फळ येतं. पत्र्याच्या पलीकडे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी कात्री घेऊन गेले, कुठले फुटवे ठेवायचे, कुठले जमिनीलगत कापायचे ते तिला दाखवलं. डेकजवळचे सगळे काढायला लावले. पुढच्या मेमध्ये दोन्ही अंगणं पांढरी झाली. सप्टेंबर आला तेव्हा सवयीने फावडं काढलं, कुंपणापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. आता कोणासाठी मारायचं? फावडं धुऊन परत ठेवलं. जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. थोडं वाटलंही. पण त्या दुपारी काय करावं ते सुचेना.

त्या हिवाळ्यात कळलं, की भाऊजी कॉन्डोच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरले आणि खुबा मोडला. त्यांची बायको हॉस्पिटलमध्ये एकटी धावपळ करत होती. मी आठवडाभर तिच्यासाठी डबे पाठवले, त्यात त्यांच्यासाठी वेगळी, कमी मिठाची आमटी असायची. मंडळातली एक मैत्रीण मला सोबत घेऊन गाडीने हॉस्पिटलला जायची आणि डबा वर नेऊन द्यायची. रोज विचारायची, "तू येतेस का वर? पाच मिनिटं?"

मी गाडीत बसून राहायचे, हीटर चालू ठेवून. वर गेले नाही.