वर बघायचं तर मागे ओढायचं

आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाला तहखान्यात उतरायची पद्धत होती. मी इंदरगंजच्या ऑफिसातून स्कूटीवर हरिशंकरपुरमला पोचायचे, हातपाय धुवायचे, आई चहा ठेवायची, आणि बाबा कॉम्प्युटरसमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डाव्या खुर्चीत आधीच बसलेले असायचे. तहखाना म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. जमिनीखाली नऊ मजले, अंधारी दालनं, सांगाडे, कोळी, गंजलेली दारं आणि सगळ्यात खाली झोपलेला एक राक्षस. खेळाला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण बाबांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला भुयारं दाखवायला इंग्रज कशाला हवेत, असं ते म्हणायचे.

खरं तर हा खेळ एका माणसानं खेळायचा. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर. डब्ल्यू दाबलं की पुढे, एस दाबलं की मागे, ए आणि डीनं बाजूला सरकायचं, ईनं दार उघडायचं किंवा खाली पडलेलं काही उचलायचं. माऊस फिरवला की मान फिरते. त्याचं डावं बटण म्हणजे तलवार, उजवं म्हणजे ढाल. आम्ही मात्र दोघं मिळून एक माणूस होतो. बाबांचा उजवा हात लकव्यानं गेला होता, म्हणून कीबोर्ड त्यांचा आणि माऊस माझा. चालणं त्यांचं, बघणं माझं.

सुरुवातीला आमची फार फजिती व्हायची. मी डावीकडे मान वळवायचे आणि ते सरळ चालत राहून भिंतीवर डोकं आपटायचे. मी कोळ्यावर तलवार उगारायचे आणि नेमक्या त्याच वेळी ते दोन पावलं मागे जायचे. "बघशील तर चालीन ना," ते म्हणायचे. "चालाल तर दिसेल ना," मी म्हणायचे. हळूहळू जमलं. मग बोलायचीही गरज उरली नाही. त्यांनी श्वास रोखला की ते पाऊल उचलणार हे मला कळायचं आणि माझं मनगट वळायच्या आत त्यांचं बोट ए वर गेलेलं असायचं. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून तलवार चालवत इथे आले, आणि वंशजांना एक तलवार चालवायला दोन माणसं लागतात, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. नियम एकच होता. दुसरा नसताना खेळायचं नाही.

बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. एकतीस वर्षं. वर काचेच्या खोक्यात बसायचं आणि उजव्या हातातल्या दांड्यानं कित्येक टन लोखंड उचलायचं. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत तोच हात गेला. पाय तीन-चार महिन्यांत सुधारला, बोलणंही सुधारलं, हात राहिला. मांडीवर घडी घातलेला पंचा आणि त्यावर तो हात, जणू दुसऱ्या कुणाचा आपल्याकडे सांभाळायला दिलेला. त्यांच्या शर्टाची बटणं सकाळी मी लावून ऑफिसला जायचे. तेव्हा ते छताकडे बघायचे. तो खेळ माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून कॉम्प्युटरवर पडून होता. एकदा सहज त्यांच्या डाव्या हाताखाली कीबोर्ड सरकवला, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसानं मला बोलावलं. नुसती मोठी नोकरी नव्हती ती. इथे मी लोकांच्या बेडरूमला जोडून संडास कुठे बसवायचा याचा विचार करते, तिथे मला शाळा आणि वाचनालयं काढायला मिळणार होती. मी चौतीस वर्षांची होते आणि असं बोलावणं मला आधी कधी आलं नव्हतं. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. मग एका संध्याकाळी नकाराचा मेल लिहायला बसले. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच उजव्या खुर्चीत. बाबा शेजारी बसून होते. वडिलांचा उजवा हात काम करत नाही, त्यामुळे मला शहर सोडता येणार नाही, असं मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलतात, म्हणून मला माहीत आहे की त्यांनी पूर्ण वाचलं. मी पाठवायचं बटण दाबलं. ते म्हणाले, "चल, उतरू या."

मी रडत रडत तीन सांगाडे मारले. बाबांनी मला एकदाही भिंतीवर आपटू दिलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती संध्याकाळ आली. आम्ही सहाव्या मजल्यावर होतो. छतावर कोळी असणार हे आवाजावरून कळत होतं, म्हणून वर बघायला मी माऊस पुढे ढकलला. मान खाली गेली. फरशी दिसायला लागली. मी आणखी ढकलला, तर स्वतःचे बूट दिसले. तेवढ्यात कोळी अंगावर पडला आणि आम्ही मेलो.

"माऊस खराब झाला असेल," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले.

माऊस नवा होता. बाड्यावरच्या बाजारातून मीच आणला होता, महिनाही झाला नव्हता. मी सेटिंगमध्ये गेले. तिथे एक ओळ असते, वरचं-खालचं उलटं करायची, आणि तिच्यापुढच्या चौकोनात खूण केलेली होती. ही खूण असली की माऊस पुढे ढकलल्यावर खाली दिसतं आणि स्वतःकडे मागे ओढल्यावर वर. मी ती कधी केली नव्हती. बाबांना मान वळवायचीच नसायची, त्यांना ती करायचं कारण नव्हतं. आई कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा भीत भीत पुसते. बाबा म्हणाले, अपडेट आलं असेल, आपोआप होऊन गेलं असेल.

मी खूण काढणार होते. काढलीही असती आणि विसरलेही असते. पण मी विचारात पडून मोठ्यानं म्हटलं की असं उलटं कुणाला सोयीचं वाटत असेल, आणि सहज त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. पंच्यावर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळली होती आणि हात पोटाकडे दोन-तीन इंच मागे ओढला गेला होता. त्यांना पत्ताही नव्हता. क्रेनचा दांडा मागे ओढला की लोखंड वर जातं. एकतीस वर्षं त्या हातानं वर म्हणजे मागे हेच केलं होतं.

खेळ जिथे जपून ठेवतात ती यादी उघडली. आमचा खेळ नेहमी पहिल्या खणात असायचा. खाली आणखी खण आहेत हे मला ठाऊक होतं, कधी बघायची वेळ आली नव्हती. चौथ्या खणात दुसरा एक खेळ होता. नऊही मजले पार केलेला, राक्षस मारून संपवलेला. शेवटची तारीख होती मी पुण्याला नकार कळवला त्याच्या तीन आठवडे आधीची, वेळ दुपारी सव्वादोनची. दुपारी मी इंदरगंजला असते. आणि आजचाही एक खण होता, पाचवा. राक्षस एकदा मारून झाल्यावर साहेबांनी नव्यानं सुरुवात केली होती. रोज दुपारी खूण करायची, खेळायचं, आणि मी यायच्या आत खूण पुसून ठेवायची. त्या दिवशी पुसायची राहिली, एवढंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. हात चार-पाच महिन्यांपासून चालतोय, म्हणाली. दुपारी स्वतः शर्ट बदलतात. सकाळी तू लावलेली बटणं काढून पुन्हा लावून बघतात. मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मना केलं होतं." थोड्या वेळानं पोळी तव्यावर टाकत म्हणाली की तिलाही वाटलं होतं, सांगावं की नाही. म्हणजे दोघं मिळून. माझ्या आईबापांनी केसानं माझा गळा कापला होता, आणि एकीच्या हातात अजून लाटणं होतं.

बाहेर आले तर बाबा तसेच बसले होते. मी उजव्या खुर्चीत बसले नाही. माऊस त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हटलं, खेळून दाखवा.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पंचा बाजूला ठेवला, हात उचलून माऊसवर ठेवला आणि पाचवा खण उघडला. ते खेळत होते ते बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. किती सुंदर खेळत होते. चालता चालता वळत होते, ढाल पुढे करून कडेनं सरकत होते, एकाच झेपेत मागून वार करत होते. आमच्या दोघांच्या त्या धडपडणाऱ्या माणसापुढे हा अगदी वेगळाच माणूस होता. कुठल्या दारामागे काय आहे ते त्यांना पाठ होतं. मग मला गेल्या दोन-अडीच महिन्यांतल्या संध्याकाळी आठवल्या. पाचव्या मजल्यावर फरशी खचली तेव्हा ते "बाप रे" म्हणून दचकले होते. चांदीची किल्ली मला कोनाड्यात सापडली तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली होती, डाव्या हातानं. ती किल्ली त्यांनी कितीदा उचललेली होती. नोकरीचं दुःख मोठं होतं हे मला कळतं, पण त्या क्षणी मला सगळ्यात जास्त ती किल्ली लागली.

"मी मेल लिहीत होते तेव्हा तुम्ही इथे बसला होतात," मी म्हटलं.

त्यांनी माऊसवरचा हात काढला नाही. "हात ठीक झाला सांगितलं असतं, तर तू निघून गेली असती."

"हो. गेले असते."

"तेच तर," ते म्हणाले. रागानं नाही, काकुळतीनंही नाही. कारखान्यात हिशोबात बसलेली गोष्ट सांगावी तसं. माफी त्यांनी मागितली नाही, आणि मी तिची वाट बघते आहे हे त्यांना कळलं असूनही मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची बटणं लावली नाहीत. साडेसहाला मी माझ्या खोलीत असायचे आणि बाहेर कीबोर्डचा आवाज यायचा, एकट्याचा. पुण्याला पुन्हा लिहिलं तर ती जागा भरली होती. लाज सोडून पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पाच महिन्यांनी त्यांच्याकडे दुसरी जागा निघाली, जरा खालची, आणि मी निघाले. स्टेशनवर बाबांनी माझी बॅग उजव्या हातानं उचलून दिली. ते मुद्दाम केलं होतं, मला दाखवायला. बॅग जड होती.

पुण्यात माझ्या लॅपटॉपवर तो खेळ आहे. मला तो खेळता येत नाही. डावा हात कीबोर्डवर ठेवते, पण ऐन वेळी चालायचं विसरते. सगळं दिसत असतं, तलवार उगारलेली असते, आणि मी एकाच जागी उभी राहून मरते. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. रविवारी आम्ही बोलतो, थंडी आणि भाजीपाला याबद्दल. हाताचं मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून सांगितलं. ग्वाल्हेरला कडाक्याची थंडी पडली आहे आणि उजव्या हाताची बोटं दोन दिवसांपासून वळत नाहीत, म्हणाले. मी विचारलं, डॉक्टरकडे गेलात का. उद्या जाईन म्हणाले. मग म्हणाले, तू दोन-चार दिवसांसाठी येऊन गेली तर बरं होईल.

मी म्हटलं, "व्हिडिओ लावा. माऊस धरून दाखवा."

फोनमधून काही वेळ नुसती आईची कुजबुज ऐकू आली. मग चित्र आलं. आईनं फोन धरला होता, तो हलत होता. बाबा डाव्या खुर्चीत बसले होते, कानटोपी घालून. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून माऊसवर ठेवला. बोटं वळवली. वळली की नाही, ते मला सांगता येणार नाही. माऊस मागे ओढायला लागले आणि तो अर्ध्यावर थांबला की त्यांनी थांबवला, तेही नाही. कारण मी त्या हाताकडे बघतच नव्हते. मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली, आणि मी कुठे बघते आहे ते त्यांना कळलं.