काठीवर नसलेली खाच

वसंतकाकांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा परत पाण्यात सोडला. माझ्यामुळे.

काका गेले त्याला आज एक वर्ष झालं. ही गोष्ट मी कोणाला नीट सांगितलीच नाही.

पेपर मिलमधून रिटायर होऊन काका राजपुऱ्यात आमच्या शेजारी राहायला आले. दर रविवारी सकाळी तापीवर गळ टाकायचे. माझ्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी, म्हणून मी सोबत.

मिळायचे बोटाएवढे मासे. घाटावरचा नारायण दर वेळी विचारायचा, "काका, आज पण टमाट्याचीच भाजी का?"

काकांचा नियम एकच. गळ माशाच्या तोंडात असेल तरच तो आपण पकडला. पाठीत, पोटात अडकला तर सोडायचा. जगणारच नसेल तर घरी न्यायचा, पण फुशारकी मारायची नाही.

गळाच्या काठीवर चाकूने खाच पाडायची ती फक्त तोंडाने घेतलेल्याची.

त्या रविवारी काठी अर्धी वाकली.

काकांचे गुडघे दुखायचे, म्हणून जाळी घेऊन मी पाण्यात उतरलो. रोहू होता. हातभर लांब. वर नारायण व्हिडिओ काढत होता आणि काका पायरीवर उभे राहून हसत होते. इतके हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

गळ पाठीच्या पराखाली अडकला होता.

फक्त मला दिसला.

गुपचूप काढला असता तर कोणाला कळलं नसतं. मला इतकं टेन्शन आलं की मी दोनदा तपासलं. मग बोललो.

"काका, पाठीत आहे."

नारायण म्हणाला, "जाने दे ना यार, कौन देखता है."

काका बसत बसत पायऱ्या उतरले. गळ स्वतः काढला. जखम वरवरची होती. रोहूला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं, तो स्वतः जोर लावेपर्यंत.

मग हात उघडले.

शेपटीचा असा फटका बसला की आम्ही दोघं भिजलो.

काकांनी मॅच जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. नारायणला म्हणाले, "व्हिडिओ चालू ठेव रे. आज टमाट्याचीच भाजी, अन् ऐटीत!"

मग हळूच मला म्हणाले, "बाबू, बरं झालं बोलला. खोटी खाच दर रविवारी हाताला लागली असती."

ती काठी आता माझ्याकडे आहे. शेवटच्या खाचेपुढची जागा मी कोरी ठेवली आहे. गळ टाकताना माझा अंगठा तिथेच असतो.

काका, तुमचा सगळ्यात मोठा मासा तापीतच आहे.

तुम्हाला मनापासून नमस्कार.