वाइनवाल्या अप्पांची फॅमिली रूम

अप्पांनी जन्मात वाइनचा थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि आमच्या जिंतुरात पांढरी वाइन आणली ती मात्र त्यांनीच. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे आणि हातात गार बाटली, अशा थाटात ते परमिट रूमच्या गल्ल्यामागे उभे असत. नवा माल आला की पेला गिऱ्हाइकापुढे ठेवायचा आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, ही त्यांची परीक्षा. समोरच्याच्या भुवया जरा वर गेल्या की माल पास. "चव तोंडावर दिसती मिस्त्री, प्यायची काय गरज हाय?" असं ते मला सांगत. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. आमच्या विजेच्या कृपेने त्यांच्याकडे माझी सारखी फेरी व्हायची, त्यामुळे हा तमाशा मी फुकटात पाहिलेला आहे.

तरुणपणी ते औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात कॅशियर होते. तिथे नवरा-बायको एका टेबलावर बसून, जेवता जेवता, गप्पा मारत पांढरी वाइन घेतात हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं. म्हणून त्यांनी परमिट रूमच्या मागे वेगळ्या दाराची फॅमिली रूम काढली. पडदे लावले, शाकाहारी स्वयंपाकाची चूल वेगळी केली. पण त्यांची खरी इच्छा एकच होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा तिथे येऊन समोर बसून जेवावं. वाइन राहू द्या, लिंबू सरबत घ्यावं. काकू शंकराच्या कडक भक्त. त्यांचं पाऊल त्या दारात कधी पडलं नव्हतं.

"विचारून तर बघा," मी एकदा म्हणालो.

"विचारायचं काय त्यात? सकाळी मी दुकानाकडं निघालो की तिचं तोंड बघा तुमी. समदं दिसतंय की."

सुरुवातीचे दिवस गोड वाइनचे. बँकेचे साहेब बायकोला घेऊन यायचे, शेजारच्या बोरी गावचं एक डॉक्टर जोडपं यायचं. मुळातच गोड असलेल्या त्या वाइनमध्ये बर्फ टाकून वर गोड सोडा ओतायचे आणि पिठलं-भाकरीबरोबर चवीने घ्यायचे. बायकांचं हसणं पडद्याबाहेर ऐकू आलं की अप्पा उगाचच गल्ला पुसत बसायचे. मग पुण्याला नोकरी करणारी पोरं सुट्टीवर येऊ लागली आणि कोरडी, आंबट वाइन मागू लागली. तिची पहिली बाटली एका कापूस व्यापाऱ्याने परत केली. "अप्पा, ही नासली हाय, बदलून द्या!" काही वर्षांत तोच व्यापारी गोड वाइनला लेकरांचं खोकल्याचं औषध म्हणायला लागला. पुढे आंब्याच्या वासाची, फसफसणारी, डब्यातली आली. अप्पा तोंडं बघत गेले आणि तसा फ्रिज भरत गेले. पोरांचे घोळके वाढले, तशा बायका यायच्या थांबल्या. एक दिवस पडदे उतरले आणि तिथे क्रिकेट बघायला टीव्ही आला. मला फार वाईट वाटलं.

गोड वाइनची एक पेटी मात्र त्यांनी जुनं तूप जपावं तशी जपली होती. "जितकी जुनी तितकी भारी," हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. मग एकदा पुण्याचं एक जोडपं जेवायला आलं आणि त्यातल्या बाईंनी गोड पांढरी वाइन मागितली. अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी जपलेली बाटली उघडली. पेल्यात उतरलेला रंग चहासारखा होता. बाईंनी ओठ लावले, छान हसल्या आणि पेला खाली ठेवला. "आवडली बघा," अप्पा माझ्या कानाशी म्हणाले. निघताना तिच्या नवऱ्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही वाइन साठवून ठेवायची नसते, ती पार खराब झालीय, फक्त तिला तुमचं मन मोडवलं नाही.

अप्पा स्टुलावर बसले. "ती तर हसायली व्हती," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं मी काय बघायलो व्हतो, मिस्त्री?"

मी फ्रिजचं दार नुसतंच उघडून लावलं.

त्यानंतर ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघेनासे झाले. उन्हाळ्यात झोपेतच गेले. दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरलं, तेव्हा फ्रिज हलवायला काकूंनी मला बोलावलं. त्या बाहेरूनच किल्ली देतील म्हणून मी हात पुढे केला, तर त्या सरळ आत आल्या, फॅमिली रूममधली एक खुर्ची ओढून बसल्या आणि पदराने टेबलावरची धूळ पुसू लागल्या.

"बायकांना घेऊन लोक हितं जेवायला यायचे म्हणं?"

"हो काकू. तुमी एकदा यावं असं अप्पांना लय वाटायचं."

समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळही त्यांनी पदराने पुसली.

"रोज सकाळी मी दारात उभी राहायची," त्या म्हणाल्या. "आज तरी म्हणतील, चल म्हणून. ते नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचे अन् निघून जायचे."