बाई ओटी घेईना

मी चौथीपर्यंत शिकले. कॉलेजात घेताना मुलांना काय विचारतात हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्यातली जी पोरं कॉलेजात गेली, ती गुणपत्रिका दाखवून गेली. पण नव्वद सालानंतर काही वर्षांनी माझ्या नातीनं बारावीत असताना अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फॉर्म भरला. तिकडून पत्र आलं. गुण पाहिले, आता आमच्या कॉलेजात शिकून गेलेली एक बाई पुण्यात राहते, ती तुमच्याशी बोलेल आणि मुलगी कशी आहे ते आम्हाला लिहून कळवेल.

"गुण बघून कळत न्हाय व्हय त्यास्नी?" मी म्हणाले.

"आज्जे, गुण सगळ्यांनाच असत्यात," नात म्हणाली. "माणूस कसं हाय ते बघायचं असतं त्यांना."

शिकवायचा सगळा खर्च ते कॉलेज करणार होतं, पण घेतलं तर. नाही घेतलं तर बारामतीतच शिकायचं आणि दोन वर्षांत लग्न, असं तिच्या बापानं म्हणजे माझ्या मुलानं सांगून ठेवलं होतं. पोरीनं जीव टाकून तयारी केली. तिच्या सरांनी पंधरा प्रश्नांची इंग्रजी उत्तरं लिहून दिली होती, ती धार काढतानाही म्हणायची. म्हशीला पाठ झाली असतील.

भेट बारामतीच्या लायब्ररीत ठरली होती, रविवारी. रविवारी लायब्ररी बंद असते हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई एसटीनं आली, दाराला कुलूप. मग माझ्या मुलानं तिला एम-ऐंशी गाडीवर मागं बसवलं आणि थेट जळोचीला आमच्या रानातल्या घरी आणलं. नात सायकलवरून मागनं धापा टाकत आली.

बाई तिशीची असेल. पंजाबी ड्रेस, कापलेले केस, गळ्यात काही नाही.

"लगीन झालंय का?" मी विचारलं.

"झालंय की आजी. मंगळसूत्र घरी ठेवलंय."

"हरवायचं भ्याव न्हाय मग," मी म्हणाले. ती हसली. मला बरी वाटली.

दोघी सोप्यात बसल्या. मी आणि सून आत चुलीपाशी. इंग्रजी मला कळत नाही, पण पाठांतर कळतं. बाई एक विचारायची, ही खडाखडा बोलून गप्प. बाई दुसरं विचारायची, पुन्हा तसंच. शाळेत साहेब तपासणीला आले की आम्ही पाढे म्हणायचो, तसं चाललं होतं. शेवटी बाईनंच मराठीत विचारलं, "बरं, ते राहू दे. घरी तू काय काय करतेस?"

पोरीच्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता.

मी आतनं म्हणाले, "चार म्हशींची धार काढती. भेंडी तोडती. भाकरी मातर जाड करती."

"आजी, उत्तर तिनं द्यायचं असतं."

"ती दीना की! मग कुणीतरी द्यायला नगं?"

नातीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी चहाचं भांडं उगीच हलवत बसले. अर्ध्या तासात संपलं. बाईनं वही मिटली. तिच्या तोंडावरनं मला कळलं, की ही परत जाऊन 'मुलगी हुशार आहे' एवढंच लिहिणार. नातीलाही कळलं. ती नखं खात उभी राहिली.

पण पहिल्यांदा घरात आलेली सवाशीण आमच्याकडनं रिकामी जात नाही. माझे मालक आधीच गेलेले, म्हणून मी सुनेला ताट करायला लावलं. तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि इंदापूरहून, माझ्या माहेराहून आलेला खण. सुनेनं बाईला कुंकू लावलं आणि ताट पुढं केलं, तशी बाई दोन पावलं मागं सरली.

"नाही नाही, मला काही घेता येणार नाही. कॉलेजचा नियम आहे. मुलीच्या घरून काही घेतलं तर तिचा अर्जच बाद करतात."

"भेट न्हाय ही," मी म्हणाले. "वटी हाय."

"त्यांना काय फरक कळणार आजी?"

"मग त्यास्नी सांगू नगा."

"आज्जे!" नात ओरडली.

सुनेनं ताट तसंच धरलेलं. "आत्याबाई, आता वो? कुकू लावून झालंय, ताट माघारी कसं नेऊ?"

भरलं ताट तसंच ठेवून सवाशिणीला रिकामी परत पाठवायचं, तेही पोरीच्या कामासाठी आलेलीला? मला ते जमणारं नव्हतं. आणि घेतलं तर पोरीचं कॉलेज बुडणार.

नात बोलली. आता मराठीत आणि न अडखळता. "मॅडम, ओटी भरली की त्यातले चिमूटभर तांदूळ ताटात परत टाकायचे असतात. देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून. तुम्ही उलटं करा. सगळं परत टाका आणि चिमूटभर ठेवा. ओटी भरली असं आईला म्हणता येईल, आणि काही घेतलं नाही असं तुम्हाला लिहिता येईल."

बाईनं माझ्याकडं बघितलं. "चालतं का आजी?"

"न चालाया काय झालं? परत टाकायचंच असतंय. किती टाकायचं ते कुणी मोजलंय?"

बाईनं ओढणी पसरली. सुनेनं ओटी भरली. बाईनं नारळ, खण, तांदूळ सगळं परत ताटात ठेवलं आणि पाच दाणे मोजून रुमालाच्या टोकाला बांधले. मग खाली बसली आणि वही पुन्हा उघडली.

"असं आणखी काय काय सोडवलंयस?"

मग पोरगी सुटली. विहिरीच्या मोटरीवरनं तिचा बाप आणि चुलता रोज भांडायचे, कारण लाइट चार तास, त्यातला अर्धा तास पाइप हलवण्यात जायचा. हिनं ठरवून दिलं होतं, की आज शेवटचं पाणी ज्याचं, उद्याचं पहिलं त्याचंच. पाइप रात्रभर तिथंच राहतो, हलवायचा एकदाच. हे ती आगपेटीच्या काड्या मांडून दाखवत होती. बाई भराभर लिहीत होती. मी आतनं चकार शब्द काढला नाही. चहा दोनदा झाला, बाईची ठरलेली एसटी गेली, पुढचीही गेली. उठताना ती म्हणाली, "आजी, हे तांदळाचं मी सगळं लिहिणार हं."

"लिव्हा. खोटं कायबी न्हाय त्यात."

उन्हाळ्यात पत्र आलं. नातीला घेतलं. माझ्या मुलानं तीनदा वाचून घेतलं, कुठं चूक तर नाही ना म्हणून. त्या बाईनं काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

वस्तीवर मात्र सगळ्यांना कळलं, की अमेरिकेहून तपासायला बाई आली होती. शेजारच्या तात्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा. बाईला किती दिलं?"

"पाच दाणे तांदूळ," मी म्हणाले.

तात्या रागावले. म्हणाले, सांगायचं नसंल तर नगा सांगू.