पर्याय क्रमांक चार

लग्नानंतरचा तिसरा दिवस, सकाळचे दहा, सिंदी मेघे गावातले आमचे घर. हजर चौघे: मी, पत्नी सुनंदा, चिरंजीव निखिल आणि नवी सून प्राची. रक्कम अठराशे रुपये, दारावरच्या नव्या पाटीची. वर ठळक 'ढगे', खाली आम्हा चौघांची नावे. (सुनेला विचारले नव्हते. पाटी तिला भेट होती!)

पाटी बघून सून शांतपणे म्हणाली, "बाबा, मी प्राची कोल्हेच राहणार. आडनाव नाई बदलत."

माझे डोके तापले! पण मी नियमाने चालणारा माणूस. तडक कागद घेतला आणि पर्याय लिहिले. एक, नवऱ्याचे आडनाव. दोन, माहेरचे. तीन, दोन्ही जोडून. चार, नवऱ्याने बायकोचे घ्यावे. (चौथे कोणी करत नाही, पण यादी अपुरी ठेवणे मला जमत नाही.)

"मारा टिक!" मी गरजलो.

निखिलने पेन उचलले आणि चारवर टिक मारली.

"काऊन बे?"

"तिचे चौदा कागद बदला लागतात, माहे सहाच. कमी खटपट ते करा, हे तुमीच शिकवलं. तिच्या मागं लागले तं मी कोल्हे होतो!"

"आडनाव म्हणजे का कागद हाय का रे? चार पिढ्यांचं नाव हाय!"

"अन् माहं?" सुनंदा स्वयंपाकघरातून लाटणे घेऊनच आली. "मी माहेरची वनिता. तुमच्या मायनं ताटात तांदूळ पसरले, तुमी अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं. मले कोणी इचारलं? अठ्ठावीस वर्षं झाले! पाटीवर वनिता पायजे. नाई तं चारवर तुमची टिक मी मारते!"

मी संतापाने घराबाहेर पडलो आणि थेट पाटीवाल्याकडे गेलो. भांडायला नव्हे, दुसरी पाटी सांगायला.

आता पाटीवर पहिली वनिता, मग प्राची कोल्हे, मग निखिल ढगे. माझ्यापर्यंत जागा संपली. पाटीवाला म्हणाला, "काका, तुमचं नाव खालच्या कोपऱ्यात बसवतो, घंटीच्या बटनाजवळ."

पाटीवाल्याला एकूण दिले तीन हजार सहाशे. पाहुणे येतात, तिघांची नावे वाचतात आणि अंगठा माझ्या नावावर ठेवून घंटी वाजवतात. दार उघडायलाही मीच जातो.